शब्दाआधीची पाहणी

तेलंगणातील जमिनींच्या दप्तरांत एक मराठी शब्द कित्येक पिढ्या सुखाने नांदत आला आहे. तो शब्द म्हणजे ‘पहाणी’. किनारी आंध्रात ज्या नोंदीला ‘अडंगल’ म्हणतात, तिलाच पूर्वीच्या निजामी मुलखात ‘पहाणी’ म्हणत आले. कोणत्या सर्व्हे नंबरात कोणते पीक उभे आहे, ते किती क्षेत्रावर आहे, पाणी विहिरीचे आहे की तळ्याचे, जमीन प्रत्यक्ष कोणाच्या कब्जात आहे, हे बांधावर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच लिहावे, हा या नोंदीचा मूळ हेतू. १९५४-५५ सालची ‘खासरा पहाणी’ तर जमिनीच्या वादांत आजही पुरावा म्हणून पुढे येते. राज्य सरकारच्या नोकरीतील माझी बरीच वर्षे असली पत्रके चाळण्यात गेली. माझे तेलुगुभाषक सहकारी हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारत. तो आपल्या ‘पाहणे’ या क्रियापदापासून आला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर, मलाही त्याचा विचार करावासा कधी वाटला नव्हता.

तो विचार करायला एका आंब्याच्या बागेने भाग पाडले. एका वादाच्या निमित्ताने जागेवर जावे लागले. पहाणीत सलग सहा वर्षे ज्वारी लिहिलेली होती. प्रत्यक्षात तेथे निदान दहा वर्षांची आंब्याची झाडे उभी होती. लिहिणाऱ्याने दरवर्षी मागील पानावरून नक्कल उतरवली होती, आणि त्यांतील दोन पानांवर तपासणी केल्याची जी सही होती, ती माझी होती. शब्द होते, शिक्का होता, सही होती. पाहणी तेवढी झालेली नव्हती. पुढे नोंद दुरुस्त झाली, वादही मिटला. पण त्या बागेत उभे असताना वाटलेली शरम मात्र सेवानिवृत्तीनंतरही माझ्यासोबत घरी आली.

विद्यानगरातील आमच्या घरी गेली काही वर्षे रविवारी सकाळी शेजारपाजारच्या मराठी घरांतील सात-आठ मुले जमतात. ही कल्पना माझ्या पत्नीची. मुले पाच ते नऊ वर्षांची, सर्व इंग्रजी माध्यमातील. हिंदीमुळे देवनागरी अक्षरे त्यांना परकी नाहीत, आजी-आजोबांशी ती मराठी बोलतातही. पण मराठी पुस्तक पुढे ठेवले की चेहरे उतरतात. वाचताना अडखळणे त्यांना लाजिरवाणे वाटते. म्हणून पत्नीने अक्षरच नसलेली पुस्तके आणली. केवळ चित्रे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आमच्या पिढीतील एका स्नेह्यांनी ती चाळून पाहिली आणि विचारले, “मराठी टिकवायची म्हणता, आणि मुलांच्या हाती मुकी पुस्तके देता? आणि हे खूळ तरी कुठले, अमेरिकेतले का?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते आपल्यासमोर ठेवावे म्हणून हा लेख. प्रस्तुत लेखक शिक्षक नाही आणि शिक्षणशास्त्राचा अभ्यासकही नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हे खूळ कुठले? शोध घेऊ लागलो तो पहिली खूण आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानात सापडली. अजिंठ्याची लेणी त्या वेळी संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यात होती. १९१४ साली संस्थानात पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यजदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावून या चित्रांचे संरक्षण करण्यात आले आणि १९३० ते १९५५ या काळात यजदानींचा अजिंठ्यावरील ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध झाला. त्याही आधी, लेडी हेरिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर लेण्यांत मुक्काम करून चित्रांच्या प्रती करविल्या, तेव्हा त्या कामात बंगालच्या नंदलाल बोस यांच्याबरोबर हैदराबादचे चित्रकार सय्यद अहमदही होते. प्रत करणारा चित्रकार हा एक विलक्षण पाहणारा असतो. बोट कोठे वळले, पापणी किती मिटली, हे त्याला अंदाजाने ठरवता येत नाही.

अशा प्रती हैदराबादच्या बागेआममधील वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या होत्या, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना स्मरत असेल. मी आठेक वर्षांचा असताना वडिलांबरोबर त्या पाहिल्या. वडील कारकून होते. जातककथा त्यांना ठाऊक नव्हत्या. त्यामुळे त्यांनी मला काहीच सांगितले नाही. हात धरून एकेका चित्रापुढे ते शांत उभे राहिले. मी त्यांना म्हणालो, “बाबा, सगळ्यांचे हात बोलतात.” ते हसले आणि म्हणाले, “मग ऐक.” अजिंठ्याच्या चित्रांतील हस्तमुद्रांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, हे मला फार पुढे कळले. त्या दिवशी वडिलांना कथा माहीत असती तर त्यांनी ती सांगितली असती, आणि मी चित्राकडे पाहण्याऐवजी त्यांच्या तोंडाकडे पाहिले असते, असे आता वाटते.

अजिंठ्याच्या चित्रकथांचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवण्याजोगे आहे. आजच्या चित्रपुस्तकात प्रसंग एकामागून एक येतात. अजिंठ्यात, विशेषतः सतराव्या लेण्यातील मोठ्या कथापटांत, अनेकदा प्रसंग काळाच्या क्रमाने न येता स्थळाच्या हिशेबाने मांडलेले दिसतात. राजवाड्यात घडलेले प्रसंग, मग ते कथेच्या आरंभीचे असोत की अखेरचे, जवळजवळ येतात, वनातले वेगळे. एकच व्यक्ती एका भिंतीवर अनेकदा भेटते. पाहणाऱ्याच्या डोळ्याला मागे-पुढे फिरावे लागते, ओळखीचा मुकुट, ओळखीचा चेहरा शोधावा लागतो आणि क्रम स्वतः लावावा लागतो. लहान मुलाला आपण आज ‘निरीक्षणशक्ती’ म्हणून जे शिकवू पाहतो, त्याचे सर्व घटक त्या भिंतीवर आहेत: शोधणे, ओळखणे, तुलना करणे, आणि दोन दृश्यांच्या मधली न काढलेली घटना मनात भरून काढणे.

दुसरी खूण कल्याणीची. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ. त्यात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा, म्हणजे चित्रकथकाचा, उल्लेख येतो. चालुक्यांची ही राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव त्याच टापूत आहे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत कल्याणी, पैठण आणि हैदराबाद ही एकाच संस्थानात, पुढे एकाच राज्यात होती. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. आणि ही परंपरा जेथे आजही जिवंत आहे, ते गाव म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी. तेथील ठाकर समाजाने रामायण-महाभारतातील कथांच्या चित्रपोथ्या जपल्या. सावंतवाडी संस्थानचा आश्रय या कलेला होता. सुटी चित्रे, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सांगणारा एकेक चित्र उचलून श्रोत्यांपुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गातो. या परंपरेच्या रक्षणासाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

तिसरी खूण तर आपल्या दाराशीच आहे. हैदराबादहून शंभर किलोमीटरच्या आत, आताच्या सिद्दिपेट जिल्ह्यात, चेरियाल नावाचे गाव आहे. तेथील नकाशी घराणी खादीच्या कापडावर खळ, पांढरी माती आणि चिंचोक्यांची पेस्ट यांचे थर चढवून त्यावर लांबच लांब चित्रपट रंगवीत. पार्श्वभूमी बहुधा तांबडी. वेगवेगळ्या जातींच्या कुलकथा सांगणारे भटके कथेकरी हे पट विकत घेत आणि गावोगाव उलगडीत. पद्मशाली विणकरांसाठी मार्कंडेय पुराणाचा पट असे. हाच समाज मोठ्या संख्येने सोलापुरात स्थायिक झाला, हे मराठी वाचकांना सांगायला नको. म्हणजे एकीकडे मराठी चित्रकथी आणि दुसरीकडे तेलुगु पटकथा; आपण हैदराबादचे मराठी लोक या दोहोंच्या मध्ये वसलो आहोत. चित्रांतून गोष्ट ‘वाचणे’ हे परदेशातून आलेले खूळ खासच नाही.

तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नाहीतर ‘आमच्याकडे सारे होतेच’ या आपल्या आवडत्या समाधानात आपण अडकून पडू. पिंगुळीच्या पोथीत काय, चेरियालच्या पटात काय, कथेचा मजकूर चित्रावर नसला तरी शब्द अनुपस्थित नव्हते. ते कथेकऱ्याच्या मुखी होते आणि ठरलेले होते. श्रोता पाहत असे, ऐकत असे; बोलणे त्याच्याकडे नव्हते. चित्र मुके होते, आणि श्रोताही. वर्गातील शब्दविरहित पुस्तकात मात्र कथेकऱ्याची जागा मुलाला मिळते. हा बदल कसा घडला, हे पाहण्यासाठी थोडे युरोपकडे वळावे लागते.

मुलांसाठी छापलेल्या चित्रपुस्तकांचा इतिहास बहुधा कोमेनियसपासून सांगितला जातो. मोराव्हियाचा हा धर्मगुरू आणि शिक्षक युद्धामुळे व धार्मिक छळामुळे मायदेशाला मुकला आणि आयुष्यभर परदेशांत राहिला. १६५८ साली न्युरेंबर्ग येथे त्याचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्येक पाठाला एक चित्र. चित्रातील वस्तूंना आकडे. आणि खाली त्या आकड्यांनुसार लॅटिन व जर्मन शब्द. जे प्रथम इंद्रियांना भेटले नाही ते बुद्धीपर्यंत पोहोचत नाही, या त्याच्या भूमिकेने पुढील तीन शतकांचे बालशिक्षण घडवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझीने त्याच्याही पुढे जाऊन वस्तूच मुलाच्या हाती दिली. त्यातून इंग्लंडमध्ये ‘ऑब्जेक्ट लेसन’ची पद्धत आली, आणि तिचेच मराठी नाव ‘वस्तुपाठ’. आज आपण ‘त्यांनी सचोटीचा वस्तुपाठ घालून दिला’ असे म्हणतो, तेव्हा हा शब्द मुळात शाळेतल्या एका तासाचे नाव होता, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

परंतु वस्तुपाठाची पुढे काय गत झाली? काचेचा तुकडा हाती देऊन मुलाला तो न्याहाळू देण्याऐवजी ‘काच पारदर्शक असते, ठिसूळ असते’ ही वाक्ये पाठ करून घेणे सोपे पडू लागले. चार्ल्स डिकन्सने १८५४ सालच्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत या प्रकाराची रेवडी उडवली आहे. त्यात घोड्यांच्या सहवासात वाढलेल्या मुलीला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही, आणि पाठांतर केलेला मुलगा ती धडाधडा सांगून शाबासकी मिळवतो. वाचताना मला माझी आंब्याची बाग आठवली. पाहण्यासाठी काढलेली पद्धत बघता बघता नकलेची पद्धत होते. जमिनीच्या पाहणीचे जे झाले, तेच वस्तुपाठाचे झाले होते.

आपल्याकडे या प्रवृत्तीविरुद्ध ज्यांनी प्रत्यक्ष काम केले, त्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची नावे प्रथम घ्यावी लागतात. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या, आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातील बालवाडीला परवडण्यासारखी नव्हती. ताराबाईंनी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, फुले यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. पानांचे आकार जुळवणे, बियांची वर्गवारी करणे, आवाज ओळखणे, हे सारे अक्षरओळखीच्या आधीचे शिक्षण होते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. मोठ्या माणसाने मुलाच्या कामात विनाकारण ढवळाढवळ करू नये, हे त्या शिक्षणाचे सर्वांत अवघड सूत्र होते, आणि आजही ते तसेच अवघड आहे.

खऱ्या अर्थाने शब्द नसलेली कथापुस्तके मात्र विसाव्या शतकाची. अमेरिकेत लिंड वॉर्ड यांनी १९२९ साली काष्ठठशांच्या चित्रांतून एक संपूर्ण कादंबरी उभी केली. ती प्रौढांसाठी होती. मुलांसाठी म्हणून जपानच्या मित्सुमासा आन्नो यांनी १९७७ साली प्रवासाचे एक निःशब्द पुस्तक काढले. त्यात एक छोटा घोडेस्वार युरोपच्या गावागावांतून जातो. प्रत्येक पानावर तो शोधावा लागतो, आणि शोधता शोधता शेते, बाजार, लग्ने, शर्यती दिसत जातात. आन्नो यांना १९८४ मध्ये बालसाहित्यातील हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये १९७८ साली रेमंड ब्रिग्ज यांचे ‘द स्नोमॅन’ आले. आणि आपणा स्थलांतरितांना जवळचे वाटावे असे पुस्तक म्हणजे ऑस्ट्रेलियाचे शॉन टॅन यांचे २००६ सालचे ‘द अरायव्हल’. एक माणूस कुटुंबाला मागे ठेवून अनोळखी देशात जातो. तेथील पाट्यांची लिपी चित्रकाराने मुद्दाम अशी काढली आहे की, ती त्या माणसालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. पुस्तकात शब्द नाहीत, कारण त्या माणसापाशी तेथले शब्द नाहीत. मराठवाड्यातून, बिदर-गुलबर्ग्यातून या शहरात आलेल्या आपल्या पणजोबांना कचेरीतील उर्दू पाट्यांपुढे उभे राहून काय वाटले असेल, ते मला त्या पानांवर प्रथम जाणवले.

अशा पुस्तकांचा सामाजिक उपयोग २०१२ पासून इटलीच्या लाम्पेदूसा बेटावर होत आला आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या निर्वासितांची मुले आणि बेटावरची स्थानिक मुले यांना एकत्र वाचता यावे, म्हणून बालपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने निरनिराळ्या देशांतील शब्दविरहित पुस्तकांचा संग्रह तेथे पाठवला. कोणाचीही भाषा वरचढ नाही, कोणीही अडाणी ठरत नाही. हैदराबादच्या कोणत्याही वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे: तेलुगु, उर्दू, हिंदी, मराठी, मारवाडी. या शहराला अशा पुस्तकांची गरज लाम्पेदूसाहून कमी नाही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले; त्याच्या आधी १९०७ मध्ये विवेकवर्धिनीसारखी शाळा काढून आपल्या पूर्वजांनी मराठी मुलांची सोय पाहिली. माध्यमाचा प्रश्न या शहरातील मराठी घरांना नवा नाही. त्याचे रूप तेवढे बदलले आहे.

मराठीत या दिशेने विचारपूर्वक काम केलेल्या माधुरी पुरंदरे यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या लेखिकेने पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनासाठी मुलांची अनेक पुस्तके लिहिली आणि स्वतः चितारली. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘चित्रवाचन’ आहे. ‘वाचू आनंदे’ या त्यांच्या संकलनात मराठी साहित्यातील उताऱ्यांबरोबर भारतीय चित्रकलेचे नमुने येतात आणि मुलांना ते निरखायला लावले जाते. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘चित्रवाचन’ हा शब्द आता प्राथमिक शिक्षकांच्या बोलण्यात रुळला आहे. तो योग्यही आहे, कारण चित्र हे ‘पाहून झाले’ असे होत नाही, ते ओळीओळीने वाचावे लागते.

मग वर्गात हे करावे कसे? पुस्तक मुलांच्या हाती दिले आणि शिक्षक बाजूला झाला, एवढ्याने भागत नाही. कृष्ण कुमार यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द चाइल्ड्स लँग्वेज अँड द टीचर’ या छोट्या पुस्तकात चित्राभोवती विचारायच्या प्रश्नांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम चित्रात काय काय आहे ते शोधायचे. मग तसे का असेल याचा तर्क. मग त्या पात्राच्या जागी स्वतःला ठेवणे. पुढे काय घडेल याचा अंदाज. आणि शेवटी आपल्या आयुष्यातले तसे काही आठवणे. आपण बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतो: ‘हे काय आहे? गाय. रंग कोणता? पांढरा.’ ही पाहणी झाली नाही, हजेरी झाली. अमेरिकेत ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी कलासंग्रहालयातील अनुभवावरून जी पद्धत बसवली, तिच्यात तर तीनच प्रश्न आहेत. या चित्रात काय चालले आहे? असे तुला कशावरून वाटले? आणखी काय दिसते? यांतील दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. चुकीचे उत्तरही तो झिडकारीत नाही. पुराव्यासाठी मुलाला पुन्हा चित्राकडे पाठवतो. नोकरीत पंचनामा करताना आम्हाला हाच प्रश्न स्वतःला विचारायला शिकवले होते.

आमच्या रविवारच्या मुलांबरोबर मला हे कसे जमले, ते सांगतो. म्हणजे कसे जमले नाही, ते सांगतो. शेजारच्या एका कॉलेजकन्यकेने मुलांसाठी मोठ्या कागदावर रेल्वे स्थानकाचे चित्र काढून दिले होते. विद्यानगरचे स्थानक आम्हा सर्वांच्या परिचयाचे, म्हणून मुले खूश झाली. फलाटावर माणसे, हमाल, चहावाला, बाकावर म्हातारा, आणि एका कडेला एक बाई उभी. मुले पाहू लागण्याआधीच मी उत्साहाने म्हणालो, “पाहा बरे, ही सारी माणसे गाडीची वाट पाहत आहेत.” मुलांनी माना डोलावल्या आणि माझे वाक्य परत माझ्याच हाती दिले: माणसे गाडीची वाट पाहत आहेत, चहावाला वाट पाहत आहे, म्हातारा वाट पाहत आहे. पाच मिनिटांत चित्र संपले. मी पुन्हा एकदा न पाहिलेल्या पानावर सही केली होती.

पत्नीने मला चहाच्या निमित्ताने आत पाठवले आणि ती स्वतः काही न बोलता मुलांजवळ बसली. मी दारातून ऐकत होतो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मला ती शांतता असह्य होत होती. मुलांना मात्र नव्हती. मग सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, “आजी, ही बाई वाट नाही बघत. हिची गाडी गेली. म्हणजे हिची नाही, हिच्या माणसाची.”

“कशावरून गं?”

“तिच्याजवळ सामान नाही. आणि सगळे इकडे बघतात, ती एकटीच तिकडे बघते. आणि तिचा हात बघ ना, वर होता, आता खाली येतोय.”

मी पुढे होऊन चित्र पाहिले. खरोखरच, सगळ्यांच्या माना उजवीकडे होत्या आणि त्या बाईची डावीकडे. हात खांद्यापाशी अर्धवट थांबलेला होता. ज्या मुलीने चित्र काढले तिने ते मुद्दाम तसे काढले होते, हे मागाहून कळले. तासाभराच्या बैठकीत ते मला दिसले नव्हते, कारण काय दिसणार हे मी आधीच ठरवले होते.

यापुढचा भाग आपल्या स्नेह्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “आजी, असा हात करून बाय करतात ना, त्याला मराठीत काय म्हणतात?” पत्नी म्हणाली, “निरोप देणे.” मुलीने तो शब्द दोनदा उच्चारला. मग दुसऱ्या एका मुलाने सांगितले की, त्याची आत्या पुण्याला गेली तेव्हा आजीने असाच निरोप दिला होता. तिसऱ्याने हमालाच्या डोक्यावरच्या तांबड्या कापडाचे नाव विचारले. ‘मुंडासे’ हा शब्द आमच्या घरी कित्येक वर्षांनी उच्चारला गेला. त्या दिवशी मुलांनी दहा-बारा शब्द मागून घेतले. मी वर्षभर पाठ करून घेतलेल्या शब्दांपैकी किती उरले, याचा हिशेब मी करत नाही.

मुकी पुस्तके मराठी कशी टिकवतील, असे आपले स्नेही विचारत होते. माझे उत्तर असे आहे की, भाषा टिकते ती सांगण्यासारखे काही असणाऱ्याच्या तोंडी; आणि सांगण्यासारखे काही असण्यासाठी आधी स्वतः पाहिलेले असावे लागते. मराठीत पाहण्याला किती शब्द आहेत: बघणे, निरखणे, न्याहाळणे, हेरणे, टिपणे, टेहळणे, ताडणे. ज्या लोकांनी हे सारे शब्द घडवले ते डोळे उघडे ठेवून जगत असले पाहिजेत. मुलाने निरखले नाही तर ‘निरखणे’ हा शब्द त्याला देऊन काय उपयोग?

या पुस्तकांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांनी अक्षरओळख होत नाही, शुद्धलेखन सुधारत नाही, कवितेचा नाद कानी पडत नाही. त्यासाठी अक्षरांची पुस्तके लागतीलच, आणि ती वाचून दाखवणारी माणसेही. ही केवळ आधीची पायरी आहे. परंतु आधीची पायरी गाळून वर चढण्याचा आग्रह धरल्याने आपल्या घरांतील किती मुले पहिल्या धड्यावरच थांबली, हे आपण सारे जाणतो.

या संस्थेच्या सभासदांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. आपल्या घरांतील कपाटांत जुने दिवाळी अंक आहेत, दिनदर्शिका आहेत, लग्नांचे आणि सहलींचे फोटो आहेत. नातवंडांना जवळ घेऊन त्यांतील एखादे चित्र पुढे ठेवावे. जमल्यास एखाद्या सुटीत त्यांना चेरियालला न्यावे. आणि मग, हे सर्वांत कठीण, स्वतः काही सांगू नये. आपल्याला कथा ठाऊक असते, फोटोतील प्रत्येक काका-मावशी ठाऊक असतात, जीभ शिवशिवते. तरी पाच मिनिटे थांबावे. माझ्या वडिलांना जे अज्ञानामुळे साधले, ते आपल्याला संयमाने साधावे लागेल.

मागील रविवारी ते स्थानकाचे चित्र मुलांनी पुन्हा मागितले. मी ते भिंतीला लावले आणि खुर्ची मागे ओढून बसलो. बाकावरचा म्हातारा अजून कोणी हेरलेला नाही. मला तो कळला आहे असे वाटते, पण मी अद्याप सांगितलेले नाही.